लाल तिखटाच्या वाटीतला गेम

बोरिवली पश्चिमेला, स्टेशनपासून पाच-सात मिनिटांवर, एक जुनं शॉपिंग सेंटर आहे. लिफ्टवरची 'बंद आहे' ही पाटी लिफ्टपेक्षा जुनी वाटावी असं. तिथे पहिल्या मजल्यावर, साडीला फॉल-पिको करून देणाऱ्या बाईंच्या शेजारी त्याचं दुकान होतं. आता तिथे नखं रंगवून देतात. मी मुद्दाम जाऊन बघून आले. आत एक मुलगी दुसऱ्या मुलीचा अंगठा हातात धरून बसली होती. मनात म्हटलं, चला, जागेनं अंगठ्यांचा धंदा काही सोडला नाही.

तो व्हिडिओ गेम विकायचा, नवे आणि वापरलेले. विकायचा असं आपलं म्हणायचं. गिऱ्हाईक दारात आलं की ह्याच्या तोंडून पहिला शब्द निघायचा, 'नको'.

"काका, तो गाड्यांचा नवीन आलाय ना?"

"इलो. नको."

"का?"

"रस्तो एकच, गाडये बदलतत. तुझ्या बापाशीक विचार, रोज बोरिवली-अंधेरी तोच करता. त्याका कधी मजा इली?"

पोरं त्याला नकोकाका म्हणायची. त्याचं खरं नाव मला ठाऊक होतं, पण ते इथे लिहिलं तर तो जिथे असेल तिथून 'नको' म्हणेल. बाप गिरणीत होता, गाव कुडाळकडे. गिरणी गेली तेव्हा हा शाळेत होता. मग नाक्यावरच्या गेम पार्लरमध्ये, ती नाणं टाकून खेळायची कपाटाएवढी यंत्रं असायची ना, ती दुरुस्त करायला लागला. पार्लरं गेली, यंत्रं टीव्हीखाली आली, टीव्हीखालून खिशात आली. हा त्यांच्या मागोमाग येत राहिला. "यंत्रां बारकी झाली, मी जाडो झालंय," म्हणायचा. "हिशेब तोच."

बोलायचा मालवणी, पण गिऱ्हाईक गुजराती असलं की गुजरातीत 'नको', मद्रासी असलं की हातानं 'नको'. वरून कडक इस्त्रीचा पांढरा फुलशर्ट, बाह्यांची बटणं लावलेली. काउंटरमागून उठला की खाली नारळाची झाडं छापलेली हाफपँट. तो सहसा उठायचाच नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाला, "वैनी, गिऱ्हाईक कमरेच्या वरचाच बघता. खालच्याची इस्त्री कित्याक?"

त्या खिशातल्या यंत्रांचे गेम म्हणजे बोटाच्या पेराएवढी चिप. ती तो मसाल्याच्या डब्यात ठेवायचा. स्टीलचा, सात वाट्यांचा, वरून काचेचं झाकण. मोहरीच्या वाटीत लहान पोरांचे तडतडे गेम. हळदीच्या वाटीत कुणालाही चालतील असे. हिंगाच्या डबीत मोजून दोन-तीन, "एकदा घरात शिरले की म्हयनोभर वास जाणा नाय" असे. आणि लाल तिखटाच्या वाटीत बंदुकांचे.

चिप खरी की नकली हे बघायची त्याची रीत एकच. चाटायची. लहान पोरांनी गिळू नये म्हणून खऱ्या चिपला कडू लेप दिलेला असतो. वापरलेली चिप कुणी विकायला आणली की हा आधी जिभेचं टोक लावणार, डोळे मिटणार, आणि निकाल देणार. "कडू आसा. अस्सल." त्याच्या मते हे माणसांनाही लागू होतं. गोड बोलणाऱ्याला तो दुकानात थारा देत नसे.

आता माझं सांगते. तेव्हा मी लहान होते. त्रेसष्ट वर्षांची. त्या वयात माणसाला गुडघेदुखी भरपूर असते आणि अक्कल यायची असते.

त्याच्या चार वर्षं आधी मुलगा-सून बंगळुरूला गेले, तेव्हा टीव्हीखाली त्यांचा तो गेमचा काळा खोका मागे राहिला. मी रोज त्याच्यावरची धूळ पुसायची. एके दुपारी पुसता पुसता बटण दाबलं गेलं. दाबलं गेलं म्हणजे मी दाबलं. आता सत्तर झाल्यावर खोटं कशाला बोलू? समोर एक लाल डोंगर, हातात बंदूक, आणि अंगावर धावून येणारे राक्षस. पहिल्या दुपारी मी अकरा वेळा मेले. बाराव्यांदा एक राक्षस मेला आणि माझ्या तोंडून जे निघालं ते तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलेल्या बाईच्या तोंडून निघू नये.

मग रोजचंच झालं. आमचे हे विमा कंपनीतून निवृत्त झालेले. जेवण झालं की एक ते चार आतल्या खोलीत झोपायचे. मी आवाज बंद करून हॉलमधल्या दिवाणावर. चार वाजता चहा टाकताना मी अशी काही सात्त्विक दिसायची की वाटावं, बाई आत्ता पोथी मिटून उठली.

आणि ढोंग किती करावं? त्याच वर्षी सोसायटीच्या गणपतीत माझं भाषण ठेवलं. विषय, 'मुले आणि मोबाईलचे व्यसन'. मी पाऊण तास बोलले. "मुलांनो, अंगठा हा लिहिण्यासाठी आहे," असं म्हणून मी अंगठा वर केला, त्याला बँडेड होतं. आदल्या दिवशी तिसऱ्या पातळीचा राक्षस मारताना फोड आला होता. पुढच्या रांगेतल्या काकू हळहळल्या, "विळीवर कापलं का हो?" मी मान डोलावली. नारळ आणि शाल घेऊन घरी आले आणि चौथी पातळी उघडली. त्या बाईचा मला आजही इतका राग येतो की भेटली तर शाल काढून घेईन.

तर गुडघे. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही बदलायचे. दिवस ठरला. पुढे सहा आठवडे आतल्या खोलीत उंच पलंगावर, हॉलमधल्या बुटक्या दिवाणावर बसायचं नावच नको. म्हणजे टीव्ही गेला. नात सुट्टीत आली होती ती आपलं हातात धरून खेळायचं जुनं यंत्र माझ्याकडे ठेवून गेली होती. त्यात एक शेतीचा गेम होता. कोबी लावा, पाणी घाला, शेजाऱ्यांशी गोड बोला. माझ्या सासूबाईंनी चाळीस वर्षं मला हेच सांगितलं होतं. तो मी दोन दिवसांत मिटवला. मला राक्षस हवे होते.

आणि फॉल-पिकोला साडी द्यायला गेले तेव्हा त्याच्या काचेवर चिकटवलेला कागद दिसला. माझाच टीव्हीवरचा गेम, आता या हातातल्या यंत्रावरही आला होता. ऑपरेशनला नऊ दिवस होते.

इथे आमच्या पिढीच्या बायकांची एक रीत सांगायला हवी. आम्हाला काही हवं असलं की आम्ही ते ह्यांच्या नावावर खपवतो. वांग्याच्या भाजीत खोबरं का? ह्यांना आवडतं. माथेरानला का गेलात? ह्यांना हवा मानवत नव्हती. सिनेमा दुसऱ्यांदा बघितलात? ह्यांनी पहिल्यांदा नीट पाहिला नव्हता. चाळीस वर्षांत आमच्या ह्यांच्या नावावर मी इतक्या आवडी चढवल्या होत्या की त्या बिचाऱ्याला स्वतःला काय आवडतं हे विचारायला कुणाला जागाच उरली नव्हती.

म्हणून मी पदर सावरला, दारात उभी राहिले आणि म्हटलं, "तो राक्षसांचा गेम द्या हो. आमच्या ह्यांना हवाय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या अंगठ्याकडे. तिथे आता फोड जाऊन चांगला घट्टा पडला होता.

"नको," तो म्हणाला.

"अहो, पण ह्यांना फार आवड."

"मग त्यांका घेऊन या. माझो नियम आसा. जो खेळतलो तोच हय बसतलो."

काउंटरसमोर एक निळं प्लास्टिकचं स्टूल होतं. त्यावर गिऱ्हाइकाला बसवून तो हातात अर्धा किलो साबुदाण्याचं पाकीट द्यायचा. हातातलं यंत्र साधारण तेवढ्याच वजनाचं. दोन्ही हातांत, छातीसमोर, वीस मिनिटं धरायचं. "टीव्हीवर खेळताना वजन टेबलाचा. हय वजन तुमचा," असं तो म्हणायचा. निम्मी पोरं बाराव्या मिनिटाला हात झटकत उठायची आणि टीव्हीचाच गेम घेऊन जायची. ते पाकीट इतक्या हातांतून गेलं होतं की आतला साबुदाणा पिवळा पडून त्याला मोत्याचं तेज आलं होतं.

मी घरी आले. चार वाजता चहा दिला. म्हटलं, "अहो, उद्या जरा पश्चिमेला यायचंय. एक माणूस तुम्हाला काही विचारेल. हो म्हणा."

"कशाला हो म्हणू?"

"सगळ्यालाच."

हे बशीतला चहा फुंकत म्हणाले, "बरं." छत्तीस वर्षं विमा विकलेला माणूस, सही करण्याआधी बारीक अक्षर वाचावं हे जगाला सांगणारा. माझ्या कागदावर मात्र न वाचता सही.

दुसऱ्या दिवशी हे स्टुलावर बसले. नकोकाकानं साबुदाणा हातात दिला आणि मागच्या घड्याळाकडे बघितलं. मी शेजारी उभी, नव्या नवरीची आई उभी असते तशी.

चौथ्या मिनिटाला ह्यांनी पाकीट मांडीवर ठेवलं. "हे खिचडीचं आहे का?" ह्यांनी विचारलं. "हिच्या हातची चिकट होते हो."

"वैनी, पाहुणो मांडीवर इलो," तो म्हणाला. "तरी चला. आता तोंडी परीक्षा. काका, समोर राक्षस उभो. तुमच्या बंदुकीत एक गोळी नाय. काय करशात?"

ह्यांनी चष्मा पुसला. विचार केला. आमचे हे कुठलाही प्रश्न हलक्यात घेत नाहीत.

"लेखी तक्रार देईन," हे म्हणाले.

"कोणाक?"

"त्याच्या वरिष्ठांना. आणि पोचपावती घेईन."

"तो पावती देणा नाय. तो दात काढून अंगावर येता. आता?"

"मग घरी फोन करतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. समोर राक्षस उभा आहे आणि हा माणूस फोन करतोय! मी ओरडले, "अहो, कुऱ्हाड! डावीकडचं बटण दाबून कुऱ्हाड काढायची! मेल्याला उभा चिरला की आतून गोळ्या पडतात!"

शेजारच्या पिकोच्या मशीनचा आवाज थांबला, बाई डोकावल्या. समोरच्या शिकवणी वर्गातली दोन पोरं दारात येऊन उभी राहिली. माझा एक हात हवेत होता, कुऱ्हाड धरल्यासारखा.

नकोकाका शांतपणे म्हणाला, "कोणाक होयो हो गेम?"

त्या त्रेसष्ट वर्षांच्या बाईचं काय सांगू? तरी तिनं एकदा ह्यांच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, 'ह्यांना' असं म्हणायला जीभ वळलीसुद्धा. चाळीस वर्षांचं वळण ते. पण हे साबुदाण्याचं पाकीट कुरवाळत इतक्या निष्पापपणे बसले होते की तेवढं मोठं खोटं त्या चेहऱ्यावर बसेना.

"मला," मी म्हटलं.

लग्नानंतर हा शब्द मी एवढ्या मोठ्यानं पहिल्यांदाच उच्चारला असेन. पुढे काय बोलतात हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून पुन्हा म्हटलं, "मला हवाय. मीच खेळते. रोज दुपारी."

"मग आधीच सांगायचं ना," हे म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, चार वर्षं मी झोपेचं सोंग घेऊन पडतोय. मला कूस बदलायची चोरी. पलंग वाजला की तू दचकून टीव्ही बंद करतेस."

"मी आवाज बंद ठेवते की!"

"त्याचा ठेवतेस. तुझा कोण बंद करणार? परवा तू एका राक्षसाला त्याच्या आईवरून जे बोललीस ते ऐकून मी उठून बसलो होतो."

पिकोवाल्या बाई हसू दाबायला आत पळाल्या. मी मात्र मनात मोजत होते. चार वर्षांच्या दुपारी. त्या सगळ्या दुपारी तो माणूस भिंतीकडे तोंड करून जागा होता, आणि मी सात्त्विक चेहऱ्यानं चहा देत होते.

"उठा काका," नकोकाका म्हणाला. "आता खऱ्यांका बसू देत."

मला साबुदाणा दिला नाही. थेट यंत्र दिलं, आत तो गेम घालून. "खेळा. मगे बोलू."

मी बसले. आणि वाचकहो, वाट लागली. टीव्हीवर जो राक्षस भिंतीएवढा यायचा तो इथे झुरळाएवढा. अक्षरं म्हणजे मुंग्या. चित्र असं पुसट की मी दोनदा चष्मा पुसला, मग कळलं की चष्मा स्वच्छ आहे. एक राक्षस आला तर ठीक, पाच आले की यंत्रच घाबरायचं, सगळं अडखळत चालायचं, लग्नाच्या व्हिडिओत कॅसेट अडकायची तसं. आणि तो नेम धरायचा बारका दांडा! माझ्या अंगठ्याखाली तो शेंगदाण्यासारखा निसटायचा. सहा मिनिटांत पाच वेळा मेले.

"कळला?" तो म्हणाला. "टीव्हीवरचो हत्ती धरलो आणि काड्यापेटीत कोंबलो. शेपूट भायर रवली ती इंटरनेटवरसून वेगळी उतरवूची लागता. तुमका खरा सांगतंय, मी ह्यो आजपर्यंत तीन लोकांक दिलंय, तिघांनी परत आणलो. घेव नकात. घरी टीव्ही आसा, थयच खेळा."

त्याचं अगदी बरोबर होतं. मी उठायला हवं होतं. उठताना गुडघे कडकड वाजले आणि मी पुन्हा स्टुलावर बसले.

"टीव्हीवर नाही जमणार," मी म्हटलं. "पुढच्या गुरुवारी दोन्ही गुडघे कापतायत."

मग मी ते बोलले जे मी ह्यांनाही सांगितलं नव्हतं. सगळ्यांना मी सांगत फिरत होते की हल्ली हे ऑपरेशन म्हणजे दात काढण्यासारखं. "सहा आठवडे मला कुणीतरी उठवणार, बसवणार, संडासला नेणार. ज्या बाईनं शाळेचे चार मजले दिवसातून आठदा चढले तिला. आणि आधी ती भूल. उठलेच नाही तर? मला भीती वाटते हो. त्या गेममध्ये मी पळते. डोंगरावरून उडी मारते, खड्डा ओलांडते. दिवसातून एक तास तरी मला कुठेतरी पळायचंय. पुसट तर पुसट."

हे माझ्या मागे उभे होते. त्यांनी साबुदाण्याचं पाकीट काउंटरवर अलगद ठेवलं.

नकोकाकानं डबा पुढे ओढला. लाल तिखटाच्या वाटीतून चिप काढली आणि माझ्यापुढे धरली. "चाटा."

मी चाटली. शी! कडुलिंबाच्या सात पिढ्या.

"अस्सल आसा," तो म्हणाला. "वाईट आसा, पण अस्सल. आता ऐका. अंगठ्याच्या नादाक लागा नकात. घरी तांदूळ पाखडतात?"

"पाखडते की."

"सूप कसा धरतात?"

मी हात पुढे करून दाखवलं.

त्यानं यंत्राच्या आत कुठेतरी काहीतरी बदललं आणि ते तसंच माझ्या हातात दिलं. "आता यंत्र कलला की नेम कलतलो. खडो कसो तुम्ही सुपाच्या कडेक आणतात, तसो राक्षस मधोमध आणा. मगे झटको द्या."

मी मनगट कलवलं. नेम सरकला. जरा उजवीकडे, जरा खाली, आणि झुरळाएवढा राक्षस मधोमध येऊन बसला. चाळीस वर्षं मी कोलमातले खडे असेच पकडले होते. धाड! मग दुसरा. मग तिसरा, उडणारा. अडखळत का होईना, मी पळत होते. पिकोवाल्या बाई आता दारात उघडपणे उभ्या होत्या. म्हणाल्या, "अगं बाई, राक्षसांना काय पाखडतायत!"

तो मला 'घ्या' म्हणाला नाही. ते त्याच्या तोंडातून निघणं शक्यच नव्हतं. त्यानं डब्याचं झाकण उघडंच ठेवलं आणि "चाय सांगान येतंय" म्हणत काउंटरमागून उठला, नारळाच्या झाडांसकट. तो परत येईस्तोवर चिप माझ्या पर्समध्ये होती आणि पैसे लाल तिखटाच्या वाटीत.

ऑपरेशन झालं. भुलीतून मी उठले, हे तुम्ही वाचताय म्हणजे उघड आहे. तिसऱ्या दिवशी नर्स औषधं द्यायला आली. उशीखालून यंत्र निघालं तसं तिनं कौतुकानं विचारलं, "आजोबांचं का?"

जीभ पुन्हा वळायला निघाली होती. मी तिला आवरलं. "माझं," म्हटलं. "आणि हात लावू नकोस, सहाव्या पातळीवर आहे."

घरी आल्यावर ह्यांनी सेवा केली ती पुस्तकात लिहिण्यासारखी. गरम पाण्याची पिशवी, गोळ्या, व्यायामाची मोजणी. यंत्राची बॅटरी संपली की "आण, मी लावतो चार्जिंगला," म्हणून स्वतः हॉलमध्ये घेऊन जायचे. माझ्या पाखडण्यातली एकच गोष्ट मला कळत नव्हती. मी अर्धा रस्ता सोडून झोपायची, आणि उठून बघते तो राक्षस आधीच मेलेले. गोळ्या कमी. एकदा तर आख्खी आठवी पातळी पार. मला वाटलं, भुलीचा परिणाम, आपणच मारतो आणि विसरतो.

मग एका दुपारी हॉलमधून दबका आवाज आला. "मेल्या, पोचपावती घे!"

मी भिंतीकडे तोंड केलं आणि डोळे मिटले. चार वर्षांची फेड करायची होती.

पाचव्या आठवड्यात हे जेवून झोपायच्या ऐवजी पिशवी घेऊन निघाले. "भाजी आणतो," म्हणाले. ऊन टकटकीत, दुपारी दीडची वेळ. बोरिवलीत त्या वेळेला भाजीवालाही जेवत असतो. मी "बरं" म्हटलं.

अर्ध्या तासानं माझा फोन वाजला. नकोकाका होता. ऑपरेशनच्या आधी मी त्याला नंबर देऊन ठेवला होता.

"वैनी, गुडघे कसे?"

"नवे आहेत. बोला."

"एक गृहस्थ इलेत." आवाज इतका गंभीर की मी उठून बसले. "लाल वाटयेतलो दुसरो भाग मागतत. इचारलंय कोणाक होयो, तर म्हणतत, आमच्या हिला. हिला फार आवड, म्हणतत."

"काय करतायत?"

"साबुदाणो धरून बसलेत. सोळा मिनिटां झाली. हात थरथरतत, पण खाली ठेवूक नाय." मागून ह्यांचा आवाज आला, अगदी विनवणीचा, "अहो, घरी कशाला फोन करताय?"

"देऊ काय?" त्यानं विचारलं.

मी खिडकीबाहेर पाहिलं. मला हसू येत होतं आणि नवे गुडघे दुखत होते. दुसरा भाग मलाही हवा होता, फार हवा होता.

"नको," मी म्हटलं. "आधी त्यांना 'मला' म्हणू देत."

पलीकडे तो माणूस हसला. इतक्या वर्षांत त्याला हसताना मी तेवढंच ऐकलं. जुन्या पार्लरमधल्या यंत्रात नाणं पडावं तसं खडखडून. मग त्यानं फोन न ठेवताच बाजूला सारला. लांबून घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. आणि मग, छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या आयुष्याचा विमा उतरवलेल्या माणसाचा, घसा खाकरून आलेला एक बारीक शब्द.

मी फोन ठेवला. हे घरी आले तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून गाढ झोपले होते.